दोनशे छप्पन

मोठी सिस्टीम परवडली नाही.
म्हार्दोळच्या साउंडवाल्याने आकडा सांगितला
तेव्हा आमच्या खजिनदाराने अर्धा चहा तसाच ठेवला.
मग, नूतनचा लॅपटॉप आहे ना, असं ठरलं.
नूतन म्हणजे मी.

लॅपटॉप कॉलेजातला, बिजागरीला चिकटपट्टी.
स्पीकर दोन, दोन्ही उसने:
एक जिमवाल्या सर्वेशचा,
एक सावईवेऱ्याच्या शाळेचा, पाठीवर पांढऱ्या रंगात 'सातवी ब'.
काल्याचं नाटक चार दिवसांवर.
देवळामागच्या मांडवात तालीम,
बाजूच्या कुळागरात पंप चालू,
आणि माइकसमोर फोंडूबाब,
वय एकाहत्तर, अंगात बनियन,
डोक्यावर मात्र आतापासूनच जरीचा फेटा.

पहिली ओळ गायले. थांबले.
पुन्हा पहिलीच गायले. पुन्हा थांबले.
"म्हजो आवाज म्हज्या फाटल्यान येता गो."

तबल्यावरचा तुळशीदास हसला,
मग तोही अडखळला.
सम इथे पडायची,
आणि स्पीकरातली सम जरा वेळाने,
जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी
दार वाजवायची.

आधी ब्लूटूथ हाकलला. अर्धी मात्रा त्यानेच खाल्ली होती.
वायर आणली, आठ मीटर, ट्यूबलाइटच्या दुकानातून.
वायफाय बंद, अपडेट बंद,
उघडे सतरा टॅब, त्यांत नोकरीचा एक अर्ज,
अर्धा भरलेला,
तोही बंद.

मग बफर.
फोंडूबाबांना सांगितलं, यंत्र आवाज थेंबाथेंबाने घेतं,
ओंजळ भरली की मगच पुढे ओततं.
ओंजळ लहान करायची, बस.
एक हजार चोवीस होती.
पाचशे बारा केली. "लागीं पावलो," ते म्हणाले.
दोनशे छप्पन. काही बोलले नाहीत, गात राहिले.
मला हाव सुटली, एकशे अठ्ठावीस केली,
तर तेलात मोहरी पडावी तसा आवाज तडतडला.
चौसष्टवर लॅपटॉपचा पंखाच गायला लागला.
परत दोनशे छप्पन.

"घुमारो घाल मात्सो, देवळांत गायिल्लेवरी."
म्हटलं, तो फार वेळ खातो, आणि बाब,
आपण देवळातच आहोत.

मी मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिले.
तिथे ओठ आधी हलत होते, शब्द मागून.
हवेचं चालणंच तसं, मीटरला तीन मिलिसेकंद,
त्याला कुठली सेटिंग?
हिशेब करून आले, कागदावर दाखवला.
त्यांनी चष्मा न लावताच पाहिला.
"तांकां चलता. म्हाका चलना."
एवढ्यात सगळं आलं. मी कागद घडी करून खिशात टाकला.

काल्याच्या रात्री, पडदा वर जायच्या आधी,
विंगेत वाकून त्यांनी विचारलं, "कितलें उरलें?"
"कांयच ना," म्हटलं.
खोटं. बारा-तेरा उरले होते.
ते मला ऐकू येत नव्हते, त्यांना येत असतील.

दुसऱ्या अंकातलं पद.
तान वर गेली, वळली, खाली यायला लागली
आणि समेच्या अगदी उंबऱ्यावर
फोंडूबाब थांबले.
आवाज नाही.
माझं काळीज लॅपटॉपवर.
मीटर पडलेलं, वायर जागेवर, पंखा शांत,
बोट कळेवर ठेवलं,
आणि तुळशीदासने डाव्या हाताने, ठेका न सोडता,
मला खूण केली: हात लावू नको.

पुढच्या रांगेतल्या खजिनदाराने श्वास धरलेला.
मग ते आले. उशिरा. मुद्दाम.
सातवी ब थरथरला.
मांडवातून एकच "आहा" उठली,
ती माझ्यापर्यंत पोहोचायलाही
थोडा वेळ लागलाच.