येथून पुढे

दाऊद मास्तर रणभिसे गेले
आणि फतेगंजच्या मंडळीची नोंदवही माझ्याकडे आली.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात तीस वर्षं
रुळांचे हिशेब लिहिले होते मी,
एवढीच लायकी.

मास्तरांनी पानं उभी आखलेली:
एका रकान्यात बडोद्याचे महाराज, कोण कधी गादीवर,
एकात पाळक,
एकात विश्वामित्रीचे पूर,
आणि उरलेल्या बोटभर जागेत आम्ही,
जन्म, बाप्तिस्मा, लग्न, माती.

ही आखणी त्यांची नव्हे.
सतराशे वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका बिशपाने
राज्याराज्यांची वर्षं अशी शेजारी बसवली,
एका पंगतीत
एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊबंद जसे.
तो मेला. दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या ओळीखाली सुरुवात केली:
येथून पुढे मी.
मग तिसरा. मग मठामठांतून
थंडीने बोटं फुटलेले कितीतरी.
त्याच्या चुका फार थोड्यांनी खोडल्या.
बाकीच्यांकडे त्या वारशाने आल्या,
आजोबाच्या नाकासारख्या.

रविवारच्या वर्गात मास्तर हे सांगायचे.
म्हणायचे, सगळं त्यानेही लिहिलं नाही हो,
आपल्याच माणसांच्या भांडणांपाशी मान फिरवली.
उपयोगाचं तेवढं ठेवलं.
आणि चष्मा पुसत बसायचे,
स्वच्छ असला तरी.

संवत छप्पनचं पान.
महाराज आहेत. पाळक आहेत.
पुराच्या रकान्यात: पाणी नाही.
आमच्यात एकशे बारा बाप्तिस्मे, बहुतेक पोरं,
मास्तरांच्या सुंदर अक्षरात.
माती: कोरं.

पुठ्ठ्याच्या अस्तरात मूळ वहीचा एक कागद निघाला,
वाळवीने कडा खाल्लेला.
एक्केचाळीस रेघा, पाच-पाचचे जुडगे बांधून,
धोब्याच्या हिशेबासारखे.
एकीपुढेच शब्द:
मुलगी. चार वर्षांची असावी. नाव विचारायचं राहिलं.

मास्तरांनी हे पाहिलं होतं.
अस्तर त्यांच्याच हातचं, त्यांचाच टाका.

पट्टी घेतली. पूर आणि आम्ही यांच्यामध्ये
जागा नव्हतीच, तरी एक रेघ मारली.
शाई जराशी महाराजांवरही फुटली.
तिथे ती मुलगी उतरवली,
मग चाळीस रेघा.

शेवटच्या पानावर आलो, लिहिलं: येथून पुढे मी.
माझ्यानंतरचा विचारील, याचा उपयोग काय.
विचारू दे.
त्याच्यासाठीही माझ्या हातून एखादी चूक
राहिलीच असेल कुठेतरी,
कुठली, ते त्याने शोधावं.