शीव

श्वास सोडा. थांबा. हलू नका.
यंत्र ठोकायला लागतं
आणि काचेपलीकडून एवेलीचे मोजे तेवढे दिसतात,
एका अंगठ्याला भोक.
तार्तूत आज उणे अठरा.

पडद्यावर तिचं गर्भाशय उमटतं,
उभ्या चिरलेल्या नासपतीसारखं.
आत उजळ अस्तर,
बाहेर करडा, जाड स्नायू
आणि दोघांच्या मधे ती काळी पट्टी.
डॉक्टर तिला संधिक्षेत्र म्हणतात,
मी मनात शीव म्हणते.
कुंपण नाही, दगड नाही,
अस्तर थेट स्नायूला टेकलेलं,
तरी इथे एक गाव संपतं.

वेणा सगळ्यांना माहीत असतात.
या शिवेवरची लाट बाईला स्वतःलाही सहसा कळत नाही.
पाळीत ती वरून खाली जाते,
जुनं रक्त लोटत.
मग दिशा फिरवते, खालून वर,
बीजाला हात देत.
आणि अंडं सुटल्यावर
गप्प होते,
पाहुणा दारात चपला काढत असताना
घर गप्प होतं तशी.

आमच्या नदीचं नाव एमायोगी. म्हणजे आईनदी.
वसंतात बर्फ वितळतं, पेडेला पूर येतो
आणि वरच्या अंगाला आईनदी काही दिवस उलटी वाहते,
ज्या तळ्यातून निघाली त्याच तळ्याकडे.
बाबा होडीतून दाखवायचे.
काडी टाक, हेले, बघ कुठे जाते.
काडी माहेरी निघाली, म्हणायचे,
आणि वल्ही आत ओढून घ्यायचे.

मी मोजते. तीन ठिकाणी.
आठापर्यंत ठीक.
तेरा. चौदा. पुन्हा चौदा.
मागच्या भिंतीत पट्टी फुगलेली, कडा विरलेल्या,
आत पांढरे ठिपके:
अस्तराचे कण शीव ओलांडून
स्नायूत राहायला गेलेले.
अर्जावर लिहिलंय, वय छत्तीस, तीन गर्भपात,
पाळीत असह्य दुखतं,
आणि कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात
मानसिक ताण
आणि प्रश्नचिन्ह.

शहाऐंशी साली मलाही सांगितलं होतं,
सगळं ठीक आहे, पुन्हा प्रयत्न कर.
खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, थर्मामीटर झटकत.
सातव्या महिन्यात रक्तदाब चढला होता,
मुलगी होती.
वार खोल रुजली नसेल,
शिवेतल्या नागमोडी वाहिन्या
रुंद व्हायच्या त्या झाल्या नसतील,
हे मला फार उशिरा कळलं,
एका प्रशिक्षणात, कॉफीच्या सुट्टीआधी.
नसतील म्हणते. कुणी पाहिलं होतं?

हे यंत्र आलं तेव्हा चाचणीसाठी
कुणीतरी आत झोपायला हवं होतं. मी झोपले.
त्रेचाळीस वर्षांची.
पट्टी दिसली, सहा मिलिमीटर,
पट्टीने आखल्यासारखी सरळ.
इंजिनिअर म्हणाला, सुंदर चित्र आलंय.
मी कपडे घातले, घरी गेले,
बटाटे उकडायला टाकले आणि विसरले.
आता बासष्टाव्या वर्षी पुन्हा झोपले
तर शीव सापडणारही नाही बहुधा.
असंच होतं. दोन्ही गावं एक होऊन जातात.

एवेली बाहेर येते, कानांतले बोळे काढते.
काही दिसलं का?
अहवाल डॉक्टर देतात, हा नियम.
एकोणीस वर्षं पाळलाय.
सगळे म्हणतात माझ्या डोक्यात आहे, ती म्हणते,
बुटाच्या नाडीकडे बघत.

डोक्याचं चित्र आपण काढलंच नाही, मी म्हणते.

ती वर बघते.
मग नाडी बांधते,
सोडते,
पुन्हा बांधते.

पुढचा गुडघा होता.