क्रियापदाआधी

निजसुरे बाई तास उभ्याने घ्यायच्या,
टेबलाला न टेकता.
टिपणं आणायच्या, उघडायच्या नाहीत;
पिशवीत टिपणं आणि अर्धा विणलेला मोजा
एकमेकांत गुंतलेले.

एका तासाला एकच गोष्ट.
"धार बारीक हवी," म्हणायच्या,
"सांडलं तर दोष भांड्याचा नसतो, ओतणाऱ्याचा."
वाक्य फळ्यावर नाही, हवेत ठेवायच्या :
धीवरो जालं नद्यां…
आणि थांबायच्या.

खाली टिळक रस्त्यावर बस गिअर बदलायची.
पंखा कुरकुरायचा.
आम्ही चाळीसजण त्या कोळ्याबरोबर
गुडघाभर पाण्यात,
क्रियापद अजून यायचं होतं.
संस्कृत मी शिकलो ते तेवढ्या वेळात.
बाकीचं परीक्षेसाठी.

आता तीच खोली. बारा वीसचा तास माझा.
बावन्न स्लाइड आहेत, क्रियापदं लाल रंगात.
मुलं फोटो काढतात, माना खाली घालतात.
कुणाला कशाची वाट बघावी लागत नाही.

परवा वीज गेली.
गुरुवार, म्हणजे जाणारच.
म्हटलं, बरं, ऐका.
धीवरो जालं नद्यां —

आणि मला आठवेना.
वीस वर्षं शिकवतोय मी हे वाक्य.
ते थांबणं नव्हतं, अडकणं होतं;
वर्गाला मात्र फरक कळला नाही.
एकेक मान वर आली.

शेवटच्या बाकावरून कल्याणी भोई म्हणाली,
"विस्मरति."

कोळी नदीत जाळं विसरतो.
हशा पिकला.
"चुकलं का, सर?"
व्याकरणात बसतंय, म्हणालो. पण विसरेल कसा?
"आमचा आज्जा विसरला होता, खडकवासल्याला.
घरी येऊन दोन दिवस बोललाच नाही."

मग कुणीतरी विचारलं, जाळ्यात मासे होते का.
मग, विसरणं ही क्रिया धरायची की नाही,
करणाऱ्याला कळतही नसताना?
याचं उत्तर माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

वीज आली तेव्हा पडद्यावर क्षिपति उमटलं,
लालभडक. बरोबर.
कुणी पाहिलं नाही.

हल्ली घरी जाताना लकडी पुलावर
स्कूटर जरा हळू करतो.
मुठेत जाळं वगैरे काही नसतं,
माहीत आहे.