निधान

मास्तर दर शनिवारी म्हणतात, "निधान, निधान."
मी चंदगडकडची, लग्न होऊन वडगावात आले,
कानडी येतं ते भाजीपुरतं.
मला वाटलं, माझ्या भार्गवीला ठेवा म्हणतात,
घर येईपर्यंत मान ताठ.
कल्लव्वा पायरीवरच बसली हसायला,
"अगं बाई, निधान म्हणजे सावकाश!"

सावकाश आमच्या घरात काय आहे?
दोन माग, सकाळी सातपासून खटाखट,
मीठ मागायचं तरी ओरडून.
देवाची घंटा हलताना दिसते, तेवढीच.
त्यात हिनं निवडलं व्हायोलिन.
हलगी घेतली असती तर मागावरून ऐकू तरी आली असती.

मिरजेहून आणलं, पाऊण मापाचं, दुसऱ्या कुणाचं जुनं.
पहिले चार महिने
पाटीवर खिळा ओढल्यागत.
एकदा मी बोलून गेले, "गाणं कधी यायचं गं?"
तिनं पेटी मिटली.
दोन दिवस उघडली नाही.

तेव्हापासून विचारत नाही.
कांड्या भरत शेजारी बसते,
चुकली तरी मान वर करत नाही.
हे मला जड गेलं, खरं सांगते.

आणि हे,
कुणी सांगितलं नव्हतं,
साडेसहाला दोन्ही माग बंद करतात. अर्धा तास.
मी हिशेब घातला, महिन्याच्या सात साड्या.
शेठनं विचारलं, माल का कमी?
"करंट नसतोय की ओ संध्याकाळचा," म्हणाले,
आणि माझ्याकडं बघितलं नाही.

बावीस वर्षं मागावर. बारीक आवाज यांच्या कानात शिरतच नाही.
तरी समोर मांडी घालून बसतात,
गजाकडं बघतात, धोट्याकडं बघावं तसं,
सूत कुठं तुटतंय.
मग ती यांचा अंगठा धरून लाकडावर टेकवते.
"हा सा, बाबा. हा पंचम."
"हां. आला."
खरंच येतो का, मी विचारलेलं नाही.

परवा दुपारी खरोखर करंट गेला.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
कान दुखावेत अशी शांतता.
भार्गवी शाळेतून नुकती आलेली, दप्तर खांद्यावर तसंच,
तिनं पेटी उघडली.
एकाच जागी तीनदा अडखळली.
कल्लव्वा दारात येऊन उभी, हातात अर्धी सोललेली लसूण.
चौथ्यांदा गज कापायला लागला,
तेव्हा हे मागामागून म्हणाले,
"निधान."

कुठल्या भाषेत म्हणाले,
ते मला कळलं नाही.

करंट आला.
थोडा वेळ कुणीच खटका दाबला नाही.
मग दाबला. पदर राहिला होता विणायचा,
आणि शेठचा माणूस पाचला यायचा होता.