विनंती थांबा

उभं राहणं हीच माझी नोकरी होती.
देवगड डेपो, सतरा वर्षं,
सकाळी सहा दहाची देवगड–मालवण.
कुणकेश्वरच्या उतारावर हातात मशीन, खांद्याला बॅग,
कुठेही न धरता
गुडघ्यांनीच रस्ता वाचत जायचे.
गुंडू मेस्त्री ब्रेक मारायच्या आधी
माझ्या पोटऱ्यांना कळायचं.

मग एकदा कातवणला
डाव्या पायाला कळलंच नाही.
मी कुणाच्या तरी आंब्याच्या पेटीवर बसले.
लोक हसले. मीही हसले,
आणि उठायला गेले तर
पाय दुसऱ्याच कुणाचा.

बांबोळीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
मेंदूत पांढरे ठिपके,
पान खाऊन चुन्याची बोटं पुसावीत तसे.
म्हणाले, वायरवरचं कव्हर जातंय.
स्नायूंचा दोष नाही, पण निरोप पोचेना झाला
की तेही बसून बसून झिजतात.
हे मला लगेच समजलं.
ज्या गावची गाडी बंद होते
त्या गावचा थांबा
दुसऱ्या पावसाळ्यात रानात जातो.

आता खुर्चीतून उठायचं, बसायचं.
खुर्ची भिंतीला, हात छातीवर.
कणकवलीची फिजिओथेरपिस्ट फरीन, माझ्या भाचीच्या वयाची,
म्हणाली, काकी, आकडे मोजा.
आकड्यांनी मी जन्मभर चिल्लर मोजली.
मी थांबे मोजते.

तारामुंबरी.
मिठमुंबरी.
कुणकेश्वर, इथे दोन श्वास जास्त.
कातवण, इथे मुद्दाम सावकाश उठते,
बघते त्याच्याकडे, डाव्या पायाकडे.
मिठबाव.
हिंदळे.

डबा जामसंड्याला घेतला.
डब्यावर एक बाप्या, दंड कापा फणसाएवढे.
दुकानातल्या पोराने विचारलं,
"झील जिमात जाता काय?"
म्हटलं, "नाय रे, मीच जातंय.
देवगडसून मालवणाक."
तो पावती करायचा विसरला.

पावडर सोलकढीत घातली, फुटली.
कुळथाच्या पिठीत घातली, गाठी झाल्या.
दुधात उतरली एकदाची,
चव भिजलेल्या खडूची.
रघुवीरनी डब्याला नाक लावलं, म्हणाले,
"ह्याच्यापरीस बांगडो काय वायट?"
फरीन फोनवर हसली. म्हणाली, बांगडा उत्तम, अंडं उत्तम,
डबा ज्या दिवशी जेवण जात नाही त्या दिवसासाठी.
आणि डब्याने वायर सांधत नाही, काकी, हे लक्षात असू दे.
लक्षात आहे.
मी डिझेल भरतेय. इंजिन गंजू नये म्हणून.

वैशाखात नऊनंतर काही जमत नाही.
घाम सुकत नाही, डोळ्यांपुढे धुकं,
निरोप अर्ध्या वाटेत बसून राहतात.
म्हणून पहाटे पाचला,
फ्रीजमधला ओला पंचा मानेवर घेऊन.
बंदरावर बर्फाचा ट्रक रिकामा होत असतो,
लाद्यांचा आवाज इथवर येतो
आणि त्या आवाजानेच थोडं गार वाटतं.

आचऱ्याला एकदाच पोचले, जानेवारीत.
दुसऱ्या दिवशी मिठमुंबरी.
फरीन म्हणाली, दोन्ही लिहा.
लिहिलं, वे-बिलासारखं,
तारीख, थांबा, शेरा.
शेऱ्यात एकदा "रस्ता खराब" लिहिलं,
एकदा नुसतंच "रडले".
वायंगणी, हडी, कोळंब हे रकाने कोरे.
मालवणचा रकाना आखलाय. त्याचं काय करायचं
ते अजून ठरवलेलं नाही.

आमच्या रस्त्यावर काही ठिकाणी पाटी असायची,
विनंती थांबा.
कुणी हात दाखवला तरच गाडी थांबायची,
नाहीतर सरळ पुढे.
मी तेव्हा अशा थांब्यांना वैतागायचे,
एका म्हाताऱ्यासाठी, एका कोंबडीसाठी
अख्खी गाडी खोळंबायची.

आज मुणग्याला
डाव्या मांडीने हात दाखवला.
थांबले. सावकाश उतरू दिलं तिला.
खाली वळणावर सहा दहाचा हॉर्न वाजला,
नवा ड्रायव्हर आहे, जरा जास्तच वाजवतो.
पंचा पिळला. दूध ढवळलं.
मग घंटीची दोरी आठवली
आणि खुर्चीच्या हातावर
दोनदा ठोकलं.