बुधवारचे दोन तास

सोमवारी विचारायचं नाही.
सोमवारी हसितभाई राजकोटच्या पार्टीवर ओरडतात
आणि तो आवाज दुपारपर्यंत खाली उतरत नाही.
वीस तारखेच्या आधी तर मुळीच नाही, रिटर्न असतं.
चहा झाल्यावर, कपात तळाशी थोडा उरलेला असताना.
तेव्हा माणूस उठून जात नाही.

हे सगळं मकरपुऱ्याच्या सिग्नलवर पाठ केलं,
हेल्मेटच्या आत, तोंडातल्या तोंडात.
शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं असेल, बाई जप करतेय.

अर्ज तीनदा लिहिला, गुजरातीत.
पहिल्यात आईची तब्येत होती.
तब्येत म्हटलं की लोक डॉक्टरचं नाव विचारतात
आणि मग स्वतःच्या मेहुणीच्या गुडघ्यावर येतात.
दुसऱ्यात घरगुती कारण.
ते वाचून त्यांना गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसले असते.
तिसऱ्यात नुसतं: दर बुधवारी अकरा ते एक,
शनिवारी भरी आपीश. भरून देईन.
मागणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं.

लिहिलं नाही ते असं.
आई एकतीस वर्षं शाळेत गुजराती शिकवायची.
शिर्क्यांची सून, पण जोडाक्षर चुकलं
तर पटेलांच्या पोरांनाही दहादा लिहायला लावायची.
मार्चमध्ये मेंदूत गुठळी अडकली
आणि गुजराती गेली. सगळी.
उरलं ते दांडिया बाजारातलं, माहेरचं मराठी,
तेही हप्त्याहप्त्यानं येतं.

बोलायला शिकवणारी मुलगी चांगली आहे.
कुलपाचं चित्र दाखवते.
आई खूप वेळ घेते, घशात काहीतरी हलतं,
मग म्हणते, कुलूप.
ताळुं, बा, ताळुं, म्हणते मुलगी
आणि कागदावर फुली मारते.
मांजर. फुली.
कंगवा. फुली.
छत्री तेवढी सुटली, ती दोन्हीकडे छत्रीच.
मंगुबेन तो कागद घरी घेऊन आल्या.
जन्मभर फुल्या मारलेली बाई
तो उलटा धरून बसली होती.

मला त्या खोलीत एक खुर्ची हवी आहे.
फुली पडायच्या आधी म्हणायचं आहे,
बरोबर आहे ते.

गुरुवार, तीन वाजून दहा मिनिटं.
हसितभाई, रजा जोईती हती.
हवी होती. मागतानाही आपण भूतकाळात मागतो,
जणू आता नाही मिळाली तरी चालेल.

त्यांनी वाचलं. दर बुधवारी?
दर.
केटला महिना?
हा प्रश्न मी पाठ केला नव्हता.
तोंडातून निघालं, कुलूप.
शुं?
मग सगळंच सांगितलं, क्रम सोडून,
फुल्या आधी, गुठळी नंतर.
कपातल्या चहावर साय धरली.

ते बराच वेळ कॅलेंडर बघत राहिले.
महिन्याचा शेवटचा बुधवार नाही, म्हणाले,
क्लोजिंग असतं. शनिवारी साडेनऊ म्हणजे साडेनऊ.
सही केली.
मी दारापाशी पोचले तेव्हा मागून म्हणाले,
त्या मुलीला सांगा, पेन्सिलीनं लिहायचं.

शेवटचा बुधवार नाही.
त्या दिवशी मी व्हाउचर तपासत असेन
आणि आईसमोर चित्रं धरली जातील एकेक.
छत्री यावी.
सगळ्याच छत्र्या याव्यात.