पॉइंट

महारानी रोडवर, तिसऱ्या दुकानात,
त्या माणसानं एकच बटण दाबलं
आणि डोक्यावर शंभरेक दिवे लागले.
खाली एकही ताट नव्हतं.

"टेबल केवढं?"
प्रफुल्लनं हात पसरले. मीही पसरले.
दोघांचं टेबल सारखं निघालं नाही.
मेजपट्टी माझ्या पर्समध्येच होती.

काचेचे लोलक, पितळी फांद्या, वेताची टोपली,
एक तर उलटा टांगलेला झाराच.
"पावडर कोटिंग है, भाभीजी, दस साल कुछ नहीं होगा."
दहा साल.
मी मनातल्या मनात बेरीज केली,
माझे चौपन्न, ह्याचे एकोणसाठ.
लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते;
सही करताना कचेरीतली ट्यूबलाइट फडफडत होती
आणि आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं होतं.

प्रफुल्लला पांढरा उजेड हवा.
तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासलेला माणूस,
वरणसुद्धा वाचतो.
जळकी मोहरी त्याला
जागा चुकलेल्या अनुस्वारासारखी दिसते.
"पिवळ्यात काय खातोय तेच कळत नाही," म्हणाला.

मला पिवळा.
का, ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं.
आधीच्या घरी टेबलावर पांढरी पट्टी होती.
तिच्याखाली अकरा वर्षं
पोळीच्या काठाचं, मिठाचं,
माहेरी लावलेल्या फोनचं
उत्तर दिलं मी.
त्या उजेडात हात कुठे ठेवायचे, ते कळत नसे.

दुकानदारानं खोक्यातून एक बल्ब काढला.
एकदा दाबलं की पांढरा,
बंद करून पुन्हा दाबलं की पिवळा,
तिसऱ्यांदा मधला कसलासा.
पांढऱ्यात ह्याच्या नाकावरचे चष्म्याचे दोन वण दिसले.
पिवळ्यात हा कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतला,
मागच्या रांगेतला काका.
तिसऱ्यात आम्ही दोघंही नुसते दमलेले दिसलो,
आणि भुकेले.
बाहेर पडून आधी कचोरी खाल्ली,
मग परत जाऊन पत्र्याची साधी हिरवी टोपी घेतली,
आतून पांढरी, साडेनऊशेला,
आणि तो बल्ब.

रविवारी इरफान आला, शिडी लावली,
आणि हसायला लागला.
बिल्डरनं दिलेला पॉइंट
टेबलापासून दीड फूट खिडकीकडे.
टेबल सरकवलं तर फ्रीजचं दार उघडेना.
फ्रीज सरकवावा, तर मागे नीलिमाचं शिलाई मशीन,
अजून झाकण घातलेलं, वर क्रोशाचा रुमाल.
"मशीन काढतो," प्रफुल्ल म्हणाला.
फार पटकन म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.

"तो हुक मार देते हैं," इरफान म्हणाला.
वायर पॉइंटमधून निघाली,
छताखालून आडवी आली,
आणि टेबलावर पोचून मग खाली उतरली.
"थोडा झोल दिखेगा."
दिसू दे.

"अब दोनों बैठो. एक दूसरे को देखो."
आम्ही बसलो, तपासणीला आल्यासारखे.
तो वायर इंचाइंचानं वर ओढत होता.
अब? नुसता बल्ब.
अब? ह्याची हनुवटी.
अब? ओठ, नाक, ते दोन वण.
मी म्हटलं, बस.
प्रफुल्ल म्हणाला, अजून दोन बोटं.
इरफाननं दोन बोटं वर घेतली आणि गाठ मारली.

रात्री मुगाची खिचडी, वरून शेव.
बटण ह्यानंच दाबलं. पांढरा.
टेबलाखाली गेलेले माझे हात
ह्याला दिसले की नाही, कोण जाणे.
उठला, बंद केलं, पुन्हा दाबलं.

चौथ्या घासाला थांबला.
दाताखालचा खडा
दोन बोटांत धरून उजेडात पाहिला,
पिवळ्यातसुद्धा सापडला ह्याला,
आणि ताटाच्या कडेला ठेवून
लोणचं मागितलं.